कोर्टानं दिलेल्या वकिलाचं बिल

पुण्यात बालकल्याण समितीपुढे मुलांचं काम घेऊन जाणाऱ्या एका कार्यकर्तीचा प्रश्न आहे. त्या विचारतात, "अमेरिकेत सरकारनं मूल ताब्यात घेतलं की आईवडिलांना एक आणि मुलाला वेगळा असे वकील कोर्ट देतं, आणि २०१९ पासून त्याचा निम्मा खर्च केंद्र सरकार उचलतं, असं वाचलं. म्हणजे तिथे सगळ्यांना चांगला वकील मिळत असणार ना? आणि समजा पैसे मिळालेच, तर ते नेमके कशावर घालावेत?"

मी न्यूयॉर्कच्या फॅमिली कोर्टात वीसेक वर्षं याच केसेस लढवतेय. पहिली काही वर्षं पॅनेलवर, म्हणजे कोर्ट तासावर पैसे देऊन नेमतं त्या खासगी वकिलांच्या यादीवर, एकटीनं. नंतर एका संस्थेत पगारावर. त्यामुळे बिलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत. "निम्मा खर्च" हे कागदावर खरं आहे, हिशोबात नाही. "सगळ्यांना" हे तर कागदावरसुद्धा खरं नाही. पैसे कशावर घालावेत, याचं उत्तर मात्र मी एका केसवरूनच देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

नऊ महिन्यांचं बाळ, सातारा जिल्ह्यातून आलेलं जोडपं, सहा महिन्यांसाठी आलेली आजी. पाळणाघरातल्या बाईला लंगोट बदलताना बाळाच्या कमरेखाली निळसर-करडे डाग दिसले. संशय आला की कळवायचं, हे तिच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. तिनं फोन केला. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. रात्री आठला दोन तपासनीस दारात. वडील म्हणाले, डाग जन्मापासूनचे आहेत. आईला इंग्रजी समजतं, पण घाबरल्यावर बोलता येत नाही, ती नुसती मान हलवत राहिली. आजीला विचारायला त्यांनी फोनवर दुभाषी घेतला. तो हिंदीचा. आजी म्हणाली, "रोज तेल लावून चोळते, पाय ओढून घेते, मग आंघोळ." आपल्याकडे कोणत्याही बाळंतिणीच्या घरात हे वाक्य रोज ऐकू येतं. अहवालात त्याचं झालं, 'बाळाचे पाय ओढत असल्याचं आजीनं कबूल केलं.' बाळ त्याच रात्री सरकारी ताब्यात गेलं.

आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या पाठीवर, ढुंगणावर असे निळे डाग असतात. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांमध्ये ते सर्रास दिसतात आणि काही वर्षांत आपोआप फिके होतात. मुका मार दिवसागणिक रंग बदलतो, आठ-पंधरा दिवसांत जातो. हा डाग महिनोन्‌महिने तसाच. म्हणजे थोडे दिवस थांबून दुसरा फोटो काढला तरी उत्तर मिळालं असतं. पण मूल आधीच ताब्यात गेलेलं असताना थांबणं परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात ही केस आमच्या ऑफिसकडे आली. न्यूयॉर्कच्या कायद्यात मूल असं तातडीनं काढलं असेल तर ते परत मागण्यासाठी आईवडील सुनावणी मागू शकतात, आणि ती कोर्टाच्या तीन दिवसांत घ्यावी लागते. कलमाच्या आकड्यावरून आम्ही तिला नुसतं 'टेन ट्वेंटी-एट' म्हणतो. मी आत हजेरी देत होते तेव्हा आमची समाजकार्यकर्ती बाहेर बाकावर आईची सही घेत होती. अकराला ती निघाली, जिथे बाळंतपण झालं त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात गेली आणि संध्याकाळी नवजात कक्षाचा कागद घेऊन आली. त्यावर बाळाच्या शरीराची छापील बाह्यरेषा असते. नर्सनं पहिल्याच दिवशी कमरेखाली पेनानं दोन गोल काढून शेजारी 'जन्मखूण' अशी नोंद केली होती. मालिशीचा प्रश्न राहिला होता. त्यासाठी मराठी दुभाषी शोधला, आजीचं म्हणणं पुन्हा नीट लिहून घेतलं आणि एका बालरोगतज्ज्ञाला साक्षीला तयार केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ घरी.

आता याचं बिल मांडा. माझे पंचवीसेक तास, त्यातले न्यायाधीशांसमोर जेमतेम अडीच. समाजकार्यकर्तीचे दोन दिवस. डॉक्टरांचे काही तास. दुभाष्याचे काही तास. पॅनेलवर असताना जवळपास अशीच एक केस माझ्याकडे आली होती. तेव्हा माझ्याकडे समाजकार्यकर्ती नव्हती, आणि तज्ज्ञाचे पैसे मिळावेत म्हणून आधी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागे. अर्ज केला, पुढची तारीख पडली, मग त्याच्या पुढची. ते बाळ पाच आठवड्यांनी घरी आलं. मधल्या काळात ते रांगायला लागलं होतं, परक्यांच्या घरात. वकील दोन्ही वेळी मीच होते आणि दुसऱ्या केसपर्यंत माझी हुशारी काही वाढली नव्हती.

म्हणून चांगला वकील कसा मिळवायचा, असं विचारलं की मी उलट विचारते, तुम्ही त्याला कोर्टाबाहेरच्या वेळेचे पैसे देता का, आणि त्याच्यासोबत कोण कोण आहे?

आता कायद्याकडे येते, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथून सुरू होतो. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळालाच पाहिजे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये गिडिअन खटल्यात सांगितलं. बालगुन्हेगारीच्या कारवाईत मुलालाही तो हक्क १९६७ मध्ये मिळाला. पण आईवडिलांचं नातंच कायमचं तोडायचं असेल तर? हा प्रश्न १९८१ मध्ये लॅसिटर खटल्यात आला. नॉर्थ कॅरोलिनातली तुरुंगात असलेली आई वकिलाशिवाय कोर्टात उभी राहिली आणि मूल गमावून बसली. पाच विरुद्ध चार अशा मतांनी कोर्ट म्हणालं, दरवेळी वकील मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही, न्यायाधीशांनी केस बघून ठरवावं. थोडक्यात, एक महिन्याची कैद होणार असेल तर वकील नक्की, आणि मूल कायमचं जाणार असेल तर बघू. हा निकाल आजही कायम आहे.

राज्यांनी ती उणीव आपापल्या कायद्यांनी बऱ्याच अंशी भरून काढली. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टानं तर १९७२ मध्येच आईवडिलांना हा हक्क दिला होता. पण कधीपासून, किती आणि कुणाच्या खिशातून, हे राज्यागणिक, काही ठिकाणी जिल्ह्यागणिक बदलतं. केंद्राच्या कायद्यात आईवडिलांना वकिलाचा थेट हक्क आहे तो मूलनिवासी जमातींच्या मुलांबाबतच्या १९७८ च्या कायद्यात, तेवढाच. मुलाच्या बाबतीत १९७४ चा केंद्रीय कायदा सांगतो की प्रत्येक केसमध्ये त्याचा प्रतिनिधी नेमा. पण तो वकीलच हवा असं म्हणत नाही. प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवकही चालतो. अशा स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे, पण त्यांना उलटतपासणी घेता येत नाही.

आता पैशाकडे. सामाजिक सुरक्षा कायद्याचं एक प्रकरण आहे, 'टायटल फोर-ई'. १९८० पासून फॉस्टर घरांत, म्हणजे सरकारनं नेमलेल्या परक्या घरांत, ठेवलेल्या मुलांच्या खर्चात केंद्र सरकार या प्रकरणाखाली वाटा उचलतं, आणि प्रशासकीय खर्चाचा निम्मा देतं. त्या खर्चात वकील धरले जायचे, पण फक्त बालकल्याण खात्याचे. मूल काढून घेणाऱ्याच्या वकिलाला केंद्राचा पैसा, आणि परत मागणाऱ्या आईच्या किंवा मधे अडकलेल्या मुलाच्या वकिलाला शून्य. असं अनेक वर्षं चाललं. ते बदललं तेही नव्या कायद्यानं नाही. केंद्र सरकारच्या खात्याची एक धोरणपुस्तिका असते, प्रश्नोत्तरांच्या रूपात. २०१८ च्या अखेरीस तिच्यातलं एक उत्तर बदललं. मुलाच्या आणि आईवडिलांच्या स्वतंत्र वकिलाचा खर्चही आता मागता येईल, एवढंच. आमच्या ऑफिसात ते उत्तर छापून भिंतीवर लावलं होतं. २०२० मध्ये खुलासा झाला की वकिलासोबतचे समाजकार्यकर्ते, तपास करणारे आणि या चरकातून स्वतः गेलेले, आता दुसऱ्यांचा हात धरणारे पालक यांचा खर्चही त्यात बसतो. मे २०२४ मध्ये हे रीतसर नियमात आलं आणि कक्षाही वाढली. मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकांचे वकील आणि मूल घरी राहावं म्हणून लढाव्या लागणाऱ्या इतर दिवाणी बाबी, जसं की घरमालकानं काढलेली नोटीस, यांचाही समावेश झाला.

तुम्ही वाचलेला 'निम्मा' तो हा. आता हिशोब करू. एखादं राज्य आईवडिलांच्या आणि मुलांच्या वकिलांवर वर्षाला १ कोटी डॉलर खर्च करतं असं धरा. केंद्र निम्मे देतं, पण फक्त पात्र मुलांच्या प्रमाणात. पात्र कोण? ज्या घरातून मूल काढलं ते घर १९९६ साली असलेल्या एका जुन्या मदतयोजनेच्या उत्पन्नमर्यादेत बसलं असतं तर. हो, १९९६. ती मर्यादा महागाईप्रमाणे वाढवलेली नाही, त्यामुळे पात्र मुलांचं प्रमाण घटत आलंय. समजा ते ४० टक्के आहे. १ कोटीचे ४० टक्के म्हणजे ४० लाख, त्याचे निम्मे २० लाख. म्हणजे हातात पडतात २० टक्के. उरलेले ८० लाख राज्यानं किंवा काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, आधी स्वतःच्या खिशातून काढलेले असावे लागतात. ज्यांनी आधीच बऱ्यापैकी खर्च केला त्यांना परतावा बरा मिळतो. ज्यांनी काहीच केला नाही त्यांना शून्याचे निम्मे.

पैसा येतो त्या वाटेतच एक पाचर आहे. दावा बालकल्याण खात्यामार्फतच करावा लागतो. म्हणजे ज्या खात्याविरुद्ध मी उभी आहे त्याच्याच टेबलावरून माझ्या पगाराचा कागद जातो. चांगल्या राज्यांत खातं इथे पोस्टमन असतं. करार कोर्टाशी किंवा आईवडिलांना-मुलांना वकील पुरवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाशी होतो, तिमाहीला आकडे जातात, पैसे येतात, आणि वकिलाची नेमणूक, बदली, कामाचं मूल्यमापन यांत खात्याला तोंड घालता येत नाही. करार करताना माझा आग्रह दोन वाक्यांसाठी असतो. एक, अशिलाची कोणतीही गोपनीय माहिती बिलासोबत जाणार नाही. दोन, केंद्राकडून आलेला पैसा वकिलीवरच खर्च होईल, राज्याच्या आधीच्या तरतुदीत तेवढीच कात्री लावली जाणार नाही. दुसरं वाक्य लिहून घेतलं नाही तर अर्थखातं एका हातानं देतं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतं. वकिलाच्या कामाच्या ढिगाऱ्यात काहीच फरक पडत नाही.

दराबद्दलही बोलायला हवं. न्यूयॉर्कमध्ये पॅनेलवरच्या वकिलांना '१८-बी' म्हणतात, तेही कलमावरूनच. फॅमिली कोर्टात त्यांचा दर २००४ मध्ये तासाला ७५ डॉलर ठरला आणि १९ वर्षं तिथेच राहिला, शिवाय एका केसमागे ४,४०० डॉलरची कमाल मर्यादा. वर्षं उलटली तसे पॅनेलवरचे चांगले लोक गळत गेले, राहिलेल्यांच्या डोक्यावर केसेसचा डोंगर, आणि वकीलच नाही म्हणून तारखा पुढे. शेवटी वकील संघटना कोर्टात गेल्या, आणि २०२३ मध्ये विधिमंडळानं दर १५८ डॉलर, मर्यादा १०,००० डॉलर केली. हे व्हायलाच हवं होतं. पण दर दुप्पट झाला म्हणून एकट्या वकिलाच्या शेजारी समाजकार्यकर्ती येऊन बसत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे एका केसला एकच ठोक रक्कम. दोन तारखा होवोत की वीस, पैसे तेवढेच. माणूस स्वभावानं कितीही चांगला असो, अशा करारात त्याला लवकर तडजोड करायचेच पैसे मिळतात.

याला पुरावा काय? न्यूयॉर्क शहरानं २००७ पासून आईवडिलांच्या केसेस काही संस्थांना दिल्या, तिथे वकील, समाजकार्यकर्ते आणि अनुभवी पालक एकत्र काम करतात. काही केसेस पॅनेलच्या एकट्या वकिलांकडे राहिल्या. नऊ हजारांहून जास्त कुटुंबांची तुलना करणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. संघ मिळालेल्या कुटुंबांतली मुलं पुढच्या चार वर्षांत फॉस्टर घरांत सरासरी ११८ दिवस कमी राहिली, आणि घरी गेल्यामुळे त्यांची सुरक्षितता कमी झाल्याचं दिसलं नाही. अर्थखात्याला पटवायला माझ्याकडे याहून चांगला आकडा नाही, कारण फॉस्टर घराचं भाडं दिवसावर असतं. त्याच अभ्यासात वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलरची बचत मांडली आहे.

वॉशिंग्टन राज्यानं २००० मध्ये दोन ठिकाणी प्रयोग म्हणून सुरुवात केली आणि २०१८ पर्यंत राज्यभर नेली. पूर्णवेळ वकिलाकडे एका वेळी ८० च्या वर केसेस नाहीत, समाजकार्यकर्ते आणि तज्ज्ञांसाठी वेगळा निधी, आणि देखरेख करणारं कार्यालय खात्यापासून वेगळं. तिथल्या पाहणीत मुलं लवकर घरी गेलीच. पण जी जाऊ शकत नव्हती त्यांची दत्तकविधानं आणि पालकत्वाचे निर्णयही लवकर झाले. आईचा वकील चांगला असला की केस रेंगाळते असं मानणारे न्यायाधीश मी पाहिलेत. रेंगाळते ती कागद वेळेवर न आल्यानं.

याच्या दुसऱ्या टोकाला अटलांटा. तिथल्या फुल्टन काउंटीत मुलांच्या एकेका वकिलाकडे चारशेहून जास्त मुलं होती. २००५ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयानं सांगितलं की जॉर्जियातल्या या केसेसमध्ये मुलाला परिणामकारक वकिलाचा हक्क आहे, नावापुरत्या नाही. चारशे मुलं असलेला वकील वर्षातून एकदा प्रत्येकाला भेटायचं म्हणाला तरी त्याचं वर्ष संपतं. न्यूयॉर्कमध्ये मुलाच्या वकिलाला एका वेळी १५० मुलांची मर्यादा आहे. तीही मला जास्तच वाटते. पण निदान आकडा लिहिलेला आहे, आणि तो ओलांडला की बोट दाखवता येतं.

मुलाच्या वकिलाबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना पचायला जड जाते. न्यूयॉर्कमध्ये जाणत्या मुलाचा वकील मुलाला काय हवंय ते मांडतो, स्वतःला काय बरं वाटतं ते नाही. बारा वर्षांची मुलगी म्हणाली, मला आईकडेच जायचंय, तर तिच्या वकिलानं तेच लढवायचं. इतर काही राज्यांत वकील 'हित' ठरवतो. मला पहिली पद्धत पटते. हित ठरवायला न्यायाधीश आहेत, खातं आहे, तज्ज्ञ आहेत. मुलाचं म्हणणं मांडायला त्या खोलीत दुसरं कुणी नसतं.

आणि या सगळ्याच्या आधीचा टप्पा, ज्यावर सगळ्यात कमी पैसा जातो, तो म्हणजे कोर्टात केस दाखल होण्यापूर्वीचा. डेट्रॉइटमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या विवेक शंकरन यांनी २००९ मध्ये एक केंद्र सुरू केलं. एक वकील, एक समाजकार्यकर्ता आणि एक अनुभवी पालक मिळून त्या घरचा मूळ गुंता सोडवत: घरमालकाशी वाद, मारकुट्या नवऱ्यापासून संरक्षणाचा आदेश, थांबलेली सरकारी मदत. पहिल्या तीन वर्षांत त्यांनी अशा रीतीनं हाताळलेल्या ११० मुलांपैकी एकही फॉस्टर घरात गेलं नाही. पुढे पैसा आटला आणि केंद्र २०१६ मध्ये बंद पडलं. केंद्र सरकारचा पैसा अशा कामाला वापरायची वाट मोकळी व्हायला त्यानंतर काही वर्षं लागली.

तुमच्याकडे येते. तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. स्त्री असेल किंवा मूल असेल तर उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील. लॅसिटर निकालाच्या देशात बसून मी हे कलम हेव्यानं वाचते. अडचण हक्काची नाही. समितीपुढे बसलेल्या आईला हे कुणी सांगतच नाही, आणि वकील मिळाला तरी तो पॅनेलवरचा, तारखेमागे ठरावीक मानधनाचा, म्हणजे मी जिथून सुरुवात केली तिथलाच. फौजदारी बाजूला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २०२२ पासून पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत उभी केली आहेत, खासगी प्रॅक्टिस बंद ठेवून. त्याच धर्तीवर समितीपुढच्या कामासाठी दोन वकील, एक समाजकार्यकर्ता आणि कागद गोळा करायला एक माणूस, एवढं एका जिल्ह्यापुरतं मागा. वकील चार असतील आणि बाकी कुणी नसेल असं पथक देऊ करतील, तर दोन वकील कमी करून ती दोन माणसं घ्या. महिला व बालविकास खात्यामार्फत पैसा येणार असेल तर नेमणूक प्राधिकरणाकडेच राहील असं लिहून घ्या.

मागायला जाताना आकडे लागतील. पुढच्या महिन्यात समितीत जाल तेव्हा एक साधी वही ठेवा. प्रत्येक मुलापुढे तीन तारखा: मूल घरातून आलं ती, आईला वकील मिळाला ती, आणि वकील तिला समितीच्या दाराबाहेर, निवांत, पहिल्यांदा भेटला ती. तिसरा रकाना बराचसा कोरा राहील. तो तसाच राहू द्या आणि वही घेऊन प्राधिकरणाच्या सचिवांकडे जा.